व्हॉल्व्ह तापेपर्यंत

बाईंचा अॅम्प्लिफायर मी वाहायचो.
एकोणीसशे एकाहत्तर. दर शनिवारी नाना पेठेतून ईस्ट स्ट्रीटला,
सायकलच्या कॅरिअरवर सुतळीने आवळून, वरून पोतं.
तीन रुपये, आणि उरला तर पुलाव.

एस्तेर वाघचौरे. पाटीवर मात्र नुसतं एस्टेल.
मालक म्हणाला, वाघचौरे वाचून कोण नाचेल?
दिवसा बाई खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
काडतुसं मोजायच्या, शंभराचा एक डबा.
बोटांना पितळेचा वास यायचा. माइकलाही.
माइक मी पुसायचो, म्हणून ठाऊक.

गळा चर्चमधला.
आठ वर्षांच्या होत्या तेव्हा पाद्रीबाबांनी
त्यांना मागच्या रांगेत उभं केलं,
मग भिंतीपाशी, मग दाराबाहेर,
तरी बाकीची पोरं ऐकू येईनात.

पुढे जुन्या बाजारात एका रविवारी
कुण्या विलायतेला गेलेल्याच्या सामानात
आठ आण्याला एक तबकडी मिळाली,
अमेरिकेतली कुणी काळी बाई, नाव खरवडलेलं.
"ऐकलं आणि दचकले रे," म्हणायच्या,
"माझी आई अशीच रडायची. पोळ्या लाटता लाटता, लय न सोडता."

मला इंग्रजी यायचं नाही.
एकदा विचारलं, बाई, ह्या गाण्यात काय आहे?
भुवया कोरता कोरता म्हणाल्या,
"काय असणार? तो गेला, आणि रॉकेलही संपलं."
त्या रात्री ते गाणं मला शब्दन् शब्द कळलं.

पुलापलीकडचे एक गृहस्थ आले होते, उपरणं वगैरे.
लिंबू सरबत घेऊन शेवटपर्यंत बसले.
जाताना म्हणाले, सूर पक्का आहे हो तुमचा,
पण राग कुठला?
बाई म्हणाल्या, "राग जुनाच आहे.
मांडायला जागा इथे मिळाली."

मुंबईला एक रेकॉर्ड निघाली. दोन बाजू, दोन गाणी.
लेबलवर नाव चुकलं: एस्टर.
तीनशेपैकी दोनशे चाळीस परत आल्या,
त्या बाईंच्या पलंगाखाली राहिल्या,
पावसाळ्यात पलंगाच्या पायाखालीही.

मग डिस्को आला. मालकाने गोल आरसा टांगला,
बँडवाल्यांना मिठाईचा पुडा दिला.
ड्रमर दुबईला. गिटारवाला एलआयसीत.
बाई मयतीला गाऊ लागल्या,
घोरपडीत, भवानी पेठेत, कुणाच्याही,
जात-धर्म न विचारता, चहावर.
लोक म्हणायचे, बाई गायल्या की माणूस सुटतो.
मला वाटायचं, अडकतो.

शहाऐंशीला ससूनमध्ये गळ्याचं ऑपरेशन.
त्यानंतर बाई कुजबुजत बोलायच्या,
भाजीवाल्याशीसुद्धा, गुपित सांगावं तशा.
पोरी शिकायला यायच्या. त्यांना टेबलावर बोट आपटून शिकवायच्या:
इथे नाही, इथे. थांब. अजून थांब. आता.

माझं रास्ता पेठेत दुकान आहे. मिक्सर, पंखे, कधी एखादा रेडिओ.
परवा एक मुलगा आला, हातात ती रेकॉर्ड.
काका, हिची किंमत माहितीये का तुम्हाला?
आकडा सांगितला. मी म्हटलं, असेल.
त्याने मोबाईलवर बाईंचा आवाज लावला.
लगेच लागला. बोट टेकवलं की बाई हजर.

त्याला काय सांगू.
तो अॅम्प्लिफायर चालू केला
की व्हॉल्व्ह तापायला एक मिनिट लागायचं.
दिवे मंद, खुर्च्या सरकतायत, कुणीतरी खोकतंय,
आणि बाई माझ्याकडे पाठ करून
माइकशिवाय, मराठीतून काहीतरी गुणगुणायच्या.
पोळ्यांच्या लयीत.
एक मिनिट. कधी थंडीत सव्वा.
मग लाल दिवा लागायचा, मी मान हलवायचो,
आणि त्या वळून एस्टेल व्हायच्या.

थंडीत मी मान जरा उशिराच हलवायचो.